येऊ का खाली?

"एवढी गदागदा नको हलवू. बाईंना वाटेल मानेत काही बिघाड आहे," मेकॅनिक म्हणाला. "एकदाच. सावकाश. आणि हलवताना त्यांच्याकडे बघायचं, चपलांकडे नाही."

मुलीनं पुन्हा होकाराची मान हलवून दाखवली. मनोऱ्यावर मोठं घड्याळ असलेल्या शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात, भिंतीला लावलेल्या बाकावर तिघं बसली होती. मधे मुलगी, दोन्ही बाजूंना आईबाप. फरशी इतकी चकचकीत होती, की येताना तिघंही कडेकडेनं चालत आली होती.

"पण बाबा, त्या काय म्हणाल्या ते कळलंच नाही तर?"

"कळलं नाही तर हलवायचीच. कळलं असेल तेव्हा एखाद वेळी विसरलीस तरी चालेल."

"काहीतरीच काय शिकवता हो पोरीला?" बायको म्हणाली. पण म्हणताना तिनं मुलीची वेणी पुढे घेतली आणि रिबिनीची टोकं सारखी केली, म्हणजे तिचाही जीव टांगणीला लागलेला होताच. "खोटं ठरलं म्हणजे?"

"यात खोटं कुठं आलं? आपण काही बोलतोय का?"

हे त्याचं मत मनापासूनचं होतं. या देशात त्याचा सगळा संसार त्या मानेवर उभा होता.

मेकॅनिक हे काही त्याचं नाव नव्हे. पण मिशी फुटायच्या आधी तो लिफ्टच्या कामाला लागला आणि तेव्हापासून शेजारीपाजारी, सासुरवाडी, सगळे त्याला मेकॅनिकच म्हणत. हात चांगला होता. दोरखंडाला नुसता तळवा लावला तरी ताण कुठं कमीजास्त आहे ते त्याला समजे. तो हातच त्याला इथे घेऊन आला. भाषा मात्र मागेच राहिली. पहिल्याच दिवशी फोरमननं त्याच्यापुढे उभं राहून बराच वेळ काहीतरी सांगितलं. ते सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं आणि तोंडातून शब्द फुटेना, तेव्हा त्यानं मान हलवली. फोरमन खूश होऊन निघून गेला. मग मेकॅनिकनं बाकीचे काय करतात ते पाहिलं आणि तेच केलं. संध्याकाळी फोरमननं पाठीवर थाप मारली. मान हलवायची, मग बाकीच्यांकडे बघायचं आणि तसंच करायचं: एवढ्या दोन वाक्यांत त्याचं बरं चाललं होतं.

आणि आता तीच दोन वाक्यं तो लेकीला देत होता. दुसरं देण्यासारखं त्याच्याजवळ काय होतं?

आत बोलावलं. मुख्याध्यापिका उंच, पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या होत्या. त्यांनी मुलीपुढे एक पुस्तक उघडून धरलं. मुलीनं खड्या आवाजात, एकही ठेच न लागता अख्खं पान वाचून टाकलं. मायदेशी शाळेत तिला या भाषेची अक्षरं शिकवली होती. अक्षरांशी तिची छान गट्टी होती. अर्थाशी तोंडओळख, आणि इथली माणसं जे भरभर बोलत त्याच्याशी तर तेवढीही नाही. पण बाईंना ते कसं कळावं? त्यांच्या भुवया वर गेल्या. मग त्या हळूहळू एकेक विचारू लागल्या आणि मुलगी प्रत्येक वेळी त्यांच्याकडे बघून, एकदाच, सावकाश मान हलवू लागली. शिकवल्याबरहुकूम.

मधेच बाई खिडकीकडे वळल्या. बाहेर मैदानापलीकडे एक बसकी इमारत होती, तिच्या काचा आतून वाफेनं पांढऱ्या झाल्या होत्या. त्या इमारतीकडे हात करून बाईंनी काहीतरी विचारलं. मुलीनं मान हलवली. या वेळी बाई लगेच पुढे गेल्या नाहीत. मुलीकडे बघत राहिल्या, आणि तेच पुन्हा विचारलं, एकेक शब्द सुटा करून. मुलीनं पुन्हा मान हलवली. मग बाईंनी मेकॅनिककडे पाहिलं.

त्याला काहीतरी खचल्यासारखं वाटलं. दोर सैल पडला की लिफ्टची गाडी थोडी बसते, तसं. पण बाईंचा चेहरा हसरा होता, इमारत साधी होती, आणि प्रवेश हातातोंडाशी आलेला होता. त्यानंही मान हलवली.

बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "त्या खिडकीपाशी काय म्हणत होत्या?"

"इमारत दाखवत होत्या," तो म्हणाला. "मोठी शाळा आहे. दाखवणारच."

*

खरं तर बायकोला दुसरीच शाळा आवडली होती. घरापासून पायी जाण्यासारखी, पिवळ्या रंगाची, जरा पोपडे उडालेली. बाहेरून आलेल्या मुलांसाठी तिथं भाषेचा वेगळा वर्ग होता. वर्गाच्या दारातच मुलांचे बूट अस्ताव्यस्त पडलेले तिनं पाहिले होते आणि त्या बुटांवरूनच तिचं मन बसलं होतं. पण साडूनं ते उठवलं.

साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो इथे खूप आधी आला होता. त्याला इथलं सगळं ठाऊक असे, आणि जे ठाऊक नसे ते तो जास्त ठामपणे सांगे.

"भाषेचा वर्ग?" साडू सोफ्यावर मांडी ठोकून म्हणाला होता. "अहो साडूसाहेब, एकदा त्या वर्गात बसली की शिक्का बसला. मग ती कायमची 'बाहेरची'. आमच्या चिरंजीवांना मी पहिल्या दिवसापासून घड्याळवाल्या शाळेत टाकलं. आज बघा!"

चिरंजीव त्या वेळी आतल्या खोलीत दार लावून बसले होते, त्यामुळे बघता आलं नाही.

"पण भावोजी, हिला बोलता कुठं येतंय अजून?" बायको म्हणाली.

"येईल. पाण्यात पडलं की हातपाय आपोआप हलतात."

मेकॅनिकला ते पटलं. त्याला घड्याळवाली शाळा हवी होती. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांना वर नेणारी यंत्रं दुरुस्त केली होती. इमारत वीस मजली असो की तीस, तो स्वतः मात्र जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यात किंवा गाडीच्या टपावर. लेकीला थेट वरच्या मजल्यावरच चढवायचं, मधे कुठं थांबवायचं नाही, असं त्यानं मनाशी धरलं होतं. त्यात वाईट काय होतं? कुठल्याही बापाला असंच वाटलं असतं.

मुलीला आजोळी सगळे रेडिओ म्हणत. सकाळी डोळे उघडले की स्टेशन लागायचं ते झोपेतही खरखरत राहायचं. शेजारणीच्या मांजरीपासून चंद्रापर्यंत तिला सगळ्यांचं सगळं सांगायचं असे. इथे आल्यावरही पहिले काही दिवस घरात तोच गलका होता. ते वरच्या मजल्यावर राहत आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. यावर मेकॅनिक स्वतःच हसायचा. जिन्याला खिडकीही नव्हती. भिंतीवरचं बटण दाबलं की दिवा लागे, आणि थोड्या वेळानं आपोआप बंद होई. बटण पुन्हा हाताला लागेपर्यंत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख.

रेडिओला त्या काळोखाची भीती वाटू नये म्हणून मेकॅनिकनं तिला आपल्या धंद्यातला एक खेळ शिकवला होता. लिफ्टच्या खड्ड्यात एक माणूस उतरलेला असतो, दुसरा वर गाडीच्या टपावर. वरच्याला खालचा दिसत नाही. म्हणून गाडी खाली आणण्यापूर्वी वरच्यानं ओरडून विचारायचं, "येऊ का खाली?" आणि खालच्यानं अंग चोरून, भिंतीला लागून ओरडायचं, "ये!" तो 'ये' कानावर पडल्याशिवाय बोट बटणाला लावायचं नाही. कितीही वेळ लागो. भाषा कुठलीही असली तरी हा नियम सगळीकडे सारखाच. इथल्या फोरमनचे तेवढे चार शब्द मेकॅनिकनं घोटून पाठ केले होते: वर, खाली, थांब, ये. लिफ्टच्या शाफ्टमध्ये, त्या उभ्या विहिरीत, मानेला किंमत नसते, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? त्याचे उस्ताद एका हेल्परची गोष्ट सांगत. हेल्पर खड्ड्यात होता. वरून विचारलं, तर त्यानं नुसती मान हलवली. 'नको' म्हणून हलवली की 'हो' म्हणून, ते वरच्याला कसं दिसणार? एवढं सांगून उस्ताद विडी शोधू लागत.

तर रोज सकाळी रेडिओ धडधड जिना उतरून तळाशी जाई, दिवा विझे, आणि मेकॅनिक वरून गंभीर आवाज काढून विचारी, "येऊ का खाली?" खालून काळोखातून कानठळ्या बसवणारा 'ये!' येई. मग तो लिफ्टसारखा घर्र आवाज करत उतरे आणि तळाशी पोचल्यावर रेडिओ हसून हसून भिंतीला टेके. शेजारच्या म्हाताऱ्यानं एकदा दार उघडून काहीतरी म्हटलं होतं. मेकॅनिकनं मान हलवली. म्हाताऱ्यानं दार लावून घेतलं.

*

शाळा सुरू झाली आणि रेडिओचा आवाज कमी होत गेला. एकदम बंद झाला असता तर कदाचित कुणी दचकलं असतं. कोपऱ्यातला सेट कुणीतरी रोज थोडा थोडा बारीक करावा, तसं ते झालं.

एक दिवस ती अंगावरच्या कोटाशिवाय घरी आली. बाहेर थंडी मी म्हणत होती. ओठ निळे पडले होते.

"कोट कुठाय?" बायकोनं विचारलं. "विसरलीस? कुणी घेतला?"

मुलीनं मान हलवली.

"कुणी मागितला आणि तू देऊन टाकलास?"

मुलीनं मान हलवली.

"अगं, यातलं नेमकं काय झालं?"

मुलगी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि पुन्हा तीच मान. एकदाच, सावकाश.

दुसरा कोट आणला. मग कंपासपेटी गेली. मग एके दिवशी शाळा सुटताना वर्गशिक्षिका मुलीला हाताला धरून फाटकापर्यंत आल्या. मेकॅनिक कामावरून परस्पर तिला घ्यायला गेला होता. शिक्षिकेच्या दुसऱ्या हातात कुणाची तरी फाटलेली बाही होती. त्या हळू आवाजात, मुलीकडे आणि बाहीकडे बोट दाखवत, बरंच काही बोलल्या. शेवटी त्यांनी मुलीलाच काहीतरी विचारलं, मुलीनं मान हलवली, आणि शिक्षिकेनं 'बघा, स्वतःच कबूल करतेय' अशा अर्थाचे हात पसरले. मग मेकॅनिककडे वळल्या. त्यानंही मान हलवली. त्यांचा चेहरा आणखी कडक झाला.

वाटेत त्यानं विचारलं, "रेडिओ, तू फाडलीस ती बाही?"

मान हलली.

"की नाही फाडलीस?"

मान हलली.

तो चालता चालता थांबला. पण रस्त्यावर माणसं होती, बस येत होती, आणि तिचा हात त्याच्या हातात गरम होता. थकली असेल, असं त्यानं ठरवलं.

घरी बायकोनं विषय काढला. "अहो, तुम्हाला दिसत नाही का? हिला काही विचारा, मान हलवते. जेवतेस का म्हटलं, हलवते. भूक नाही का म्हटलं, हलवते. घरात एक नंदीबैल होता, आता दोन झाले."

तो हसला. तिला हसू आलं नाही.

"नवीन आहे," तो म्हणाला. "रुळेल. मला नाही का जमलं?"

"तुम्हाला काय जमलं?" बायको म्हणाली, आणि इस्त्रीच्या दुकानात कामाला जायची वेळ झाली म्हणून पिशवी उचलून निघून गेली. 

*

मग शाळेची चिठ्ठी आली. ती वाचून साडूनं सांगितलं, की शाळा सुटल्यावर प्रत्येक मुलानं काहीतरी शिकायचं. गाणं, चित्रं किंवा पोहणं. रविवारी साडूकडे त्यावर मसलत बसली.

"रेडिओला गाण्याला घालू या की," साडूची बायको, म्हणजे मुलीची मावशी, म्हणाली. "केवढी गायची ती! आठवतंय का, लग्नात मांडवभर फिरून गात होती?"

मुलगी जमिनीवर बसून चटईची एक काडी उपसत होती. 'गाणं' म्हटल्यावर तिचं बोट थांबलं. मेकॅनिकनं ते पाहिलं. नंतर त्याला तेवढंच पुन्हा पुन्हा आठवायचं होतं: बोट थांबलं होतं, आणि आपण ते पाहिलं होतं.

"गाण्याला भाषा लागते, ताई," तो म्हणाला. "शब्द चुकले की मुलं हसतील. पाण्यात कुणी बोलत नाही."

"शंभर टक्के!" साडूनं मांडीवर थाप मारली. "आणि पोहणाऱ्यांना या शाळेत भाव आहे. काय हुशार बोललात!"

साडूनं आजवर त्याला हुशार म्हटलं नव्हतं. मेकॅनिकच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

बायको म्हणाली, "तिला तरी विचारा."

"काय गं रेडिओ, पोहायला जाशील ना?"

मुलीनं सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. मान हलवली.

"मनापासून?" बायकोनं विचारलं. "आई काही म्हणणार नाही. गाणं हवंय का?"

पुन्हा मान.

"बघ, तयार आहे ती," मेकॅनिक म्हणाला.  बायकोनं हात टेकले.

*

पोहण्याची इमारत म्हणजे तीच, मैदानापलीकडची, वाफाळलेल्या काचांची. आत शिरताच क्लोरीनचा वास नाकात गेला आणि मेकॅनिकचे डोळे चुरचुरले. मुलांना खाली नेलं. पालकांनी वरच्या मजल्यावर, जाड काचेमागे बाकांवर बसायचं. आवाज अजिबात वर येत नव्हता. खाली शिट्टीवाला शिक्षक गाल फुगवी, मुलं तोंडं उघडून ओरडत, आणि इकडे नुसती शांतता.

बायको कामावर होती. मेकॅनिक एकटाच आला होता, हात स्वच्छ धुऊन. नखांतलं ग्रीस तरी थोडं राहिलं होतं, म्हणून त्यानं मुठी मिटून मांडीवर ठेवल्या.

मुलांची एक रांग पाण्याच्या पलीकडच्या टोकाला उभी होती. तिथलं पाणी गडद दिसत होतं. शेवटी एक लाल टोपी, तीच रेडिओ. ती पुढच्या मुलांकडे टक लावून बघत होती. पहिल्यानं हात डोक्यावर जोडले, गुडघे वाकवले, उडी मारली. लाल टोपीनंही लगेच हात तसेच जोडून पाहिले. गुडघे तसेच वाकवून पाहिले. मेकॅनिकला बरं वाटलं. बघ, कशी भराभर उचलते! शेजारी बसलेल्या बाईला सांगावंसं वाटलं, ती माझी मुलगी. पण तेवढी भाषा नव्हती. त्यानं नुसतंच हसून दाखवलं.

एकेक मूल उडी मारत होतं आणि लांब हात मारत निघून जात होतं. आणि रांग निम्मी झाली तेव्हा मेकॅनिकच्या लक्षात आलं, की ही सगळी मुलं पोहतायत. यातलं कुणीच शिकायला आलेलं नाही. शिकणारी मुलं अलीकडच्या टोकाला, कमरेइतक्या पाण्यात, कठड्याला धरून पाय आपटत होती.

तो उभा राहिला.

लाल टोपीची पाळी आली. शिक्षक वाकला, तिच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी विचारलं. मेकॅनिकनं काचेवर तळवा आपटला. काच हाललीसुद्धा नाही. खाली, अगदी शिकवल्याबरहुकूम, लेकीनं शिक्षकाकडे बघून एकदाच, सावकाश मान हलवली. मग हात डोक्यावर जोडले, गुडघे वाकवले, आणि बाकीच्यांनी जे केलं तेच केलं.

पाणी मिटलं.

तो ओरडला. शाफ्टमध्ये पाठ केलेला इथल्या भाषेतला शब्द, 'थांब', तोच त्याच्या तोंडून फुटला, पुन्हा पुन्हा, इतक्या मोठ्यानं की बाकांवरची माणसं बाजूला सरली. काचेतून तो आवाज खाली गेला नाही. शिक्षक पुढच्या गटाकडे वळला होता. मेकॅनिक जिन्याकडे धावला. जिना ओला होता, तो घसरला, गुडघा फुटला, उठला, दार ढकलायचं की ओढायचं ते कळेना. आत पोचला तेव्हा शिक्षक कपड्यांनिशी पाण्यात होता आणि त्याच्या हातात लाल टोपी होती. टोपी फक्त. मग तो पुन्हा खाली गेला, आणि तिला घेऊन वर आला.

तिला फरशीवर कुशीवर झोपवलं. तिनं पाणी ओकलं. मग खोकली. तो खोकला ऐकून मेकॅनिक तिथंच ओल्यात बसला.

शिक्षक तिच्या तोंडाशी वाकून काहीतरी विचारत होता. ती मान हलवत होती. मग तो मेकॅनिककडे वळला. तरुण पोरगा होता, पांढराफटक पडलेला. तो ओरडून, जवळजवळ रडत, काहीतरी विचारत होता. आणि मेकॅनिकची मान हलली. त्याला कळण्याआधीच हलली.

डॉक्टरांनी तपासून तिला घरी सोडलं. साडूनं शाळेत फोन करून सगळं समजून घेतलं आणि मग मेकॅनिकला सांगितलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज ठाम नव्हता.

"ते म्हणतात, तिला पोहता येतं असंच आम्हाला सांगितलं होतं. प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापिका बाईंनी तलावाची इमारत दाखवून विचारलं होतं म्हणे. पुन्हा विचारलं, कारण मूल लहान होतं. मुलगीही हो म्हणाली आणि वडीलही हो म्हणाले." जरा थांबून तो म्हणाला, "साडूसाहेब, तुम्ही हो म्हणाला होतात का?"

फोन कानाला लावून मेकॅनिक उभा होता.  पलीकडे साडू "हॅलो, हॅलो" करत राहिला.

*

बायको ओरडली नाही. ती ओरडली असती तर त्याला हलकं वाटलं असतं. तिनं मुलीचे केस पुसले, तिला पांघरुणात गुंडाळून मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "अहो, हिला एकदा 'नाही' म्हणायला लावा. माझ्यासमोर. मला दुसरं काही नको."

मेकॅनिक गुडघ्यावर बसला. फुटलेला गुडघा ठणकला.

"रेडिओ, परत त्या पाण्यात जायचंय का?"

मान हलली.

"नाही ना जायचं?"

मान हलली.

"मग तोंडानं म्हण. नाही. एवढंच म्हण. बाबा रागावणार नाहीत. बाबांना खूप आवडेल."

ती त्याच्या चेहऱ्याकडे बघू लागली. डोळे, भुवया, ओठ, सगळं एकेक करून तिनं नीट पाहिलं. त्याला काय हवंय ते ती शोधत होती. सापडल्यावर तिचा चेहरा जरा सैल झाला आणि तिनं मान हलवली.

बायकोनं तोंड फिरवलं. मेकॅनिकला आपल्या हाताकडे बघवेना, स्वतःच्या मानेकडे तर कुणालाच बघता येत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कामाला दांडी मारली. पिवळ्या शाळेत जायचं, भाषेच्या वर्गात जागा आहे का विचारायचं, आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हणून सांगायचं, असं त्यानं ठरवलं होतं. 'मला समजत नाही' हे इथल्या भाषेत कसं म्हणतात ते त्यानं सकाळी साडूला फोन करून विचारून घेतलं होतं आणि दाढी करताना आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. इतके महिने हे एक वाक्य त्यानं कुणालाच विचारलं नव्हतं.

बायको मुलीला कोट घालून दारापर्यंत सोडायला आली. मुलगी पुढे झाली. बुटांचा आवाज जिन्यावरून खाली खाली गेला, पूर्वीसारखा धडधडत नाही, एकेक पायरी. मेकॅनिकनं दार ओढून घेतलं. तेवढ्यात जिन्यातला दिवा गेला.

काळोखात त्यानं नेहमीप्रमाणे आवाज दिला.

"येऊ का खाली?"

खालून काही आलं नाही.

ती खाली होती. कोटाचं कापड भिंतीला घासल्याचा आवाज त्याला आला. भिंतीला लागून, अंग चोरून उभी होती ती, शिकवल्यासारखी.

"रेडिओ? येऊ का खाली?"

आणि मग त्याला समजलं, की ती उत्तर देते आहे. तळाशी, त्या काळोखात, वर तोंड करून, त्याच्याकडे बघत, एकदाच, सावकाश.

बटण त्याच्या बोटाखाली होतं. दाबलं असतं तर दिवा लागला असता. त्यानं बोट काढून घेतलं आणि कठडा धरला.

"घाई नाही, बाळा," तो काळोखात म्हणाला. "आवाज आल्याशिवाय मी येणार नाही. मी इथंच उभा आहे."

दाराआड बायको उभी होती, तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. खाली कोटाचं कापड पुन्हा एकदा भिंतीला घासलं. मेकॅनिक कान देऊन उभा राहिला.